उन्हाळा आणि डुकरांचे आरोग्य

गोव्यात आणि बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात ज्या कुटुंबांच्या परसात एखादी-दुसरी डुकरीण आणि तिची पिल्ले असतात, त्या कुटुंबांच्या दृष्टीने एप्रिल आणि मे हे वर्षातील सर्वांत काळजीचे महिने होत. परसातील हे जनावर म्हणजे त्या घराची शिल्लकच असते. पावसाळ्यापूर्वी कौले चाळायची असली, मुलांच्या शाळेचा खर्च समोर उभा राहिला किंवा घरात लग्नकार्य निघाले, की ती शिल्लक मोडावयाची असते. नेमक्या याच दिवसांत एखाद्या दुपारी धडधाकट दिसणारे डुकर धापा टाकू लागते आणि दिवस मावळण्यापूर्वी मरून पडते. मग शेजारीपाजारी कोणी साथ आली म्हणतो, कोणी विषबाधा झाली म्हणतो. पुष्कळदा या दोहोंपैकी काहीच झालेले नसते. त्या जनावराला उष्णता बाहेर टाकता आली नाही, एवढेच घडलेले असते.

याचे कारण डुकराच्या शरीराच्या रचनेत आहे. माणसाला ऊन लागले की घाम येतो. घाम वाळताना कातडीची उष्णता घेऊन जातो. घोड्यालाही भरपूर घाम सुटतो. डुकराच्या कातडीत घामाच्या ग्रंथी असतात. परंतु शरीर थंड करण्याच्या कामी त्या जवळजवळ निरुपयोगी आहेत. त्यातच कातडीखाली चरबीचा जाड थर, आणि देहाच्या मानाने फुप्फुसे लहान. तेव्हा उष्णता बाहेर टाकण्याचे दोनच मार्ग त्याला उरतात: भराभर श्वास घेणे आणि ओल्या जागी लोळणे. डुकर चिखलात लोळते ते घाण आवडते म्हणून, असा समज सर्वत्र आहे. वास्तविक, जो घाम निसर्गाने त्याला दिला नाही, तो ते बाहेरून अंगाला लावून घेत असते.

वाढलेल्या डुकराला साधारणतः १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पणजीला मे महिन्यात पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. घाटावर आणि त्यापलीकडच्या कोरड्या मुलखात तो याहून वर जातो. म्हणून गोव्यातील उन्हाळा सौम्य, असे कोणी म्हणेल. डुकराच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. कोरड्या हवेत अंगावरचे पाणी लवकर सुकते आणि जनावराला थंडावा मिळतो. समुद्रकाठच्या दमट हवेत ते सुकतच नाही, आणि श्वासावाटे बाहेर टाकावयाची वाफही हवा सहज घेत नाही. म्हणून वारा पडलेली, ढगाळ, कोंदट दुपार कडक उन्हाच्या दुपारपेक्षा अधिक घातक ठरू शकते.

उष्णतेचा त्रास सुरू झाला हे ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. एक घड्याळ पुरते. जनावर स्वस्थ पडले असता त्याच्या कुशीची वरखाली होणारी हालचाल एक मिनिटभर मोजावी. निरोगी मोठ्या डुकराचे श्वास मिनिटाला २० ते ३० भरतात. ही संख्या ५० च्या पुढे गेली, की जनावर उष्णतेशी झगडत आहे असे समजावे. पुढे ते तोंड उघडून धापा टाकते, लाळ गाळते, खाणे सोडते आणि ओलाव्याच्या शोधात स्वतःच्या मूत्रातही लोळते. शेवटी चाल लटपटते, थरकाप सुटतो आणि ते आडवे होते. डुकराच्या अंगाची नेहमीची उष्णता १०२.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. गुदद्वारी लावलेला थर्मामीटर १०६ च्या पुढे गेला, तर उष्माघात झाला असे धरून तत्काळ हालचाल करावी. कारण त्यानंतर हातात फार थोडा वेळ उरतो.

ही हालचाल नेमकी कशी करावी, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. दुपारच्या वेळी घरी कोण असेल हे सांगता येत नाही. जनावर सावलीत नसेल तर सावली त्याच्यावर आणावी. मांडव, चादर, गोणपाट, जे हाताशी असेल ते वर धरावे. त्याला ओढत किंवा हाकत दूर नेऊ नये, कारण चालण्याच्या श्रमाने उष्णता आणखी वाढते. भोवतीची जमीन ओली करावी. मग विहिरीचे साधे पाणी प्रथम पायांवर, नंतर पोटाखाली, मानेवर, कानांवर आणि डोक्यावर हळूहळू सोडावे आणि पंख्याने किंवा सुपाने सारखा वारा घालावा. बर्फाचे पाणी एकदम अंगावर ओतणे हा पुष्कळांचा पहिला उपाय असतो, आणि तोच अपायकारक होतो. अतिथंड पाण्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आतील उष्णता आतच कोंडली जाते आणि जनावराला धक्का बसून ते दगावू शकते. शुद्धीवर असलेल्या जनावरापुढे थोडे थोडे पाणी ठेवावे. निपचित पडलेल्याच्या तोंडात मात्र कधीही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. ताप उतरविणारी गोळी किंवा सुई येथे उपयोगी पडत नाही, कारण हा जंतूंचा ताप नसून कोंडलेली उष्णता आहे. थर्मामीटर १०४ पर्यंत खाली आला की पाणी थांबवावे आणि पशुवैद्याला जनावर दाखवावे.

अर्थात अशी पाळी येऊ न देणे हेच खरे वराहपालन. त्यात पहिला मान पाण्याचा. पिल्लांना पाजणाऱ्या मादीला उन्हाळ्यात दिवसाला २० ते ३० लिटर, प्रसंगी त्याहूनही अधिक पाणी लागते. विक्रीच्या वयाला आलेल्या डुकराला ८ ते १२ लिटर. सकाळी एकदा डोणी भरली आणि संध्याकाळी पुन्हा पाहिले, याने भागत नाही. दुपारपर्यंत डोणी रिकामी झालेली असते, किंवा जनावर तिच्यात बसून तिचा चिखल करते. जेथे नळी टाकून तोटीने पाणी देतात, तेथे आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतील पाणी हाताला चटका बसण्याइतके तापते. तोटी सुरू असते, पाणी असते, पण डुकर त्याला तोंड लावत नाही. नळी जमिनीत पुरावी किंवा झापांनी झाकावी, म्हणजे हा दोष जातो.

पाण्याच्या टंचाईशी निगडित असा एक विकार आहे, त्याची माहिती फार थोड्यांना असते. तो म्हणजे मिठाची बाधा. खानावळीतील उष्टे, खारी मासळी, लोणच्याचा खार असे खाणे मिळालेल्या डुकराला एक-दोन दिवस पाणी कमी पडले, तर रक्तातील आणि मेंदूतील मीठ वाढते. जनावर आंधळ्यासारखे भिंतीला डोके टेकून उभे राहते, मागे मागे सरकते, कुत्र्यासारखे बसते आणि झटके येऊन पडते. टँकर उशिरा आला, विहिरीचा पंप बिघडला, अशा वेळी हे हमखास घडते. मग मालक घाईघाईने डोणी काठोकाठ भरतो, तहानलेले डुकर पोटभर पिते आणि त्यानंतर मेंदूला सूज येऊन मरते. पाणी तुटलेल्या जनावराला प्रथम थोडेथोडेच पाणी, पुन्हा पुन्हा द्यावे. मोकळे पाणी त्यानंतर.

दुसरी गोष्ट सावलीची आणि वाऱ्याची. जांभ्याच्या चिऱ्यांची चार बाजूंनी चढविलेली भिंत आणि वर लोखंडी पत्रे, असा गोठा पुष्कळ ठिकाणी दिसतो. हिवाळ्यात आणि पावसात तो मजबूत वाटतो. मे महिन्यात ती भट्टी होते. भिंत डुकर ओलांडणार नाही एवढीच, कमरेइतकी असावी. वरचा भाग मोकळा ठेवून जाळी लावावी. गोठ्याची लांबी पूर्वपश्चिम असली म्हणजे ऊन आत कमी येते. पत्रे बदलणे ऐपतीबाहेर असेल तर त्यांवर चुन्याचा पांढरा हात द्यावा आणि वर विणलेल्या झापांचा किंवा गवताचा जाड थर घालावा. खर्च नाममात्र, फरक मोठा. पांढऱ्या विलायती जातीच्या डुकरांना उघड्यावर ठेवले तर त्यांची कातडी उन्हाने भाजते, कानांच्या कडा आणि पाठ सोलवटते. गोव्याच्या स्थानिक काळ्या डुकराला हा त्रास कमी होतो; आगोंदच्या नावाने 'अगोंडा गोवन' अशी नोंद झालेली देशी जात या भागातील हवेला सरावलेली आहे. तथापि घाम तिलाही येत नाही, हे विसरू नये.

अंगावर पाणी मारण्यातही एक शास्त्र आहे. थंडावा पाण्याने येत नाही, पाणी सुकण्याने येतो. म्हणून एक-दोन मिनिटे शिंपडावे, मग वीस-पंचवीस मिनिटे सुकू द्यावे आणि पुन्हा शिंपडावे. सतत धार सोडून ठेवल्यास पाणी वाया जाते, आणि बंद गोठ्यात हवा अधिकच दमट होते. लोळण्यासाठी सिमेंटचा उथळ हौद केल्यास उत्तम. पण त्याचे पाणी रोज बदलले पाहिजे. दोन दिवसांचे पाणी हे जंतांच्या अंड्यांचे आणि डासांचे घर होय.

तिसरी गोष्ट खाण्याची. अन्न पचताना शरीरात उष्णता निर्माण होते, आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी अधिक जाणवते. सकाळी दहा वाजता दिलेल्या खाण्याची उष्णता भर दुपारी निघते. म्हणून उन्हाळ्यात पहिले खाणे सूर्योदयापूर्वी आणि दुसरे दिवस मावळल्यावर द्यावे. चोथ्याचे, तंतुमय खाणे पचविताना ही उष्णता जास्त होते. काजूच्या हंगामात बोंडूंचा रस काढल्यावर उरलेला चोथा डुकरांपुढे टाकण्याची रीत आहे. ताजा चोथा माफक प्रमाणात, इतर खाण्यात मिसळून द्यावयास हरकत नाही; ढीग करून आंबलेला आणि बुरशी आलेला मात्र देऊ नये. तांदळाचा कोंडा आणि खोबऱ्याची पेंडही दमट उष्म्यात खवट होते, तिला बुरशी लागते. बुरशीचे विष गाभण मादीला विशेष बाधते. डोणीत उरलेले खाणे तासाभरात काढून टाकावे.

माद्या, नर आणि पिल्ले यांची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते. नवजात पिल्लाला ३० ते ३४ अंशांची ऊब हवी असते, आणि त्याच कोपऱ्यात पडलेल्या आईला तेवढी उष्णता सोसत नाही. तेव्हा पिल्लांची जागा कोरडी ठेवून आईच्या मानेवर आणि खांद्यावर तेवढे पाणी ठिबकू द्यावे. उष्म्याने आईचे खाणे कमी झाले की दूध आटते, आणि पिल्ले रोगाशिवायच खंगतात. नराच्या बाबतीत परिणाम उशिरा दिसतो. मे महिन्यात तापलेल्या नराचे वीर्य त्यानंतर पाच-सहा आठवडे दुबळे राहते. माद्या गाभण राहत नाहीत आणि दोष मात्र माद्यांना दिला जातो. मादी फळल्यानंतरचा पहिला महिना आणि विण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे तिला उन्हाची झळ लागू देऊ नये.

यातले पुष्कळसे पंचांग पाहूनच साधता येते. डुकरीण ११४ दिवसांनी, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते. १७ जानेवारीला मठाधिपती संत आंतोन यांचा सण असतो. त्यांच्या चित्रात पायाशी डुकर दाखवितात आणि पाळीव जनावरांचे ते रक्षक मानले जातात. त्या सणाच्या दिवशी फळविलेली मादी ११ मेच्या सुमारास, ऐन उष्म्यात विणार. भर उन्हाळ्यातील वीत टाळावयाची असेल, तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मादी फळवू नये. हा नियम पाळावयास एक पैसा लागत नाही.

आता जंतूंच्या रोगांकडे वळू. उष्णतेने थकलेल्या जनावराची प्रतिकारशक्ती घटते, आणि एरवी दबून राहिलेले रोग डोके वर काढतात. तेव्हा धाप लागलेले डुकर उन्हाने पडले की रोगाने, हा प्रश्न नेहमी उभा राहतो. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. जनावराचा ताप पहाटे, हवा थंड असताना मोजावा. केवळ उन्हाचा त्रास असेल तर रात्रीच्या गारव्यात आणि पाणी मारल्यावर ताप उतरलेला असतो. पहाटेही १०४-१०५ अंश कायम असेल, तर रोग आहे असे समजून त्या जनावराला ताबडतोब वेगळे करावे.

उन्हाळ्यात उद्भवणाऱ्या अशा रोगांपैकी एरिसिपेलस हा महत्त्वाचा. त्याचा जंतू मातीत आणि निरोगी दिसणाऱ्या डुकरांच्या घशातही असतो. फ्रान्समध्ये या रोगाने कळप उजाड होत असताना लुई पाश्चर यांनी आपला तरुण साहाय्यक लुई थुइये याला तपासासाठी पाठविले. त्याने १८८२ मध्ये हा जंतू शोधला आणि त्यावरून पाश्चर यांनी लस तयार केली. या रोगात तीव्र ताप येतो, जनावर अखडून चालते आणि अंगावर शंकरपाळ्याच्या आकाराचे लाल चट्टे उठतात. पांढऱ्या डुकरावर ते दिसतात. काळ्या डुकरावर ते दिसत नाहीत. पाठीवरून आणि कुशीवरून तळहात फिरविल्यास उंचवटे लागतात. पेनिसिलीन या रोगावर चांगले चालते. परंतु पशुवैद्याने सांगितलेले सर्व दिवस ते दिले पाहिजे. पहिल्या सुईने जनावर उभे राहिले म्हणून पुढच्या सुया चुकविल्या, तर सांधे आणि हृदय कायमचे बिघडते. हा जंतू हाताच्या जखमेतून माणसालाही बाधतो. आणि औषध दिलेले जनावर ठरविलेली मुदत उलटेपर्यंत कापू नये, कारण ते औषध मांसातून माणसाच्या पोटात जाते.

दोन रोगांवर मात्र औषध नाही. एक स्वाइन फीव्हर आणि दुसरा आफ्रिकन स्वाइन फीव्हर. नावे सारखी, लक्षणेही सारखी: पहाटेही न उतरणारा ताप, एकमेकांना चिकटून पडणे, मागचे पाय लटपटणे, कान आणि पोट जांभळे पडणे, आणि एकामागून एक मृत्यू. डोळ्यांनी पाहून हे दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. प्रयोगशाळेतच त्यांची ओळख पटते. पहिल्या रोगावर लस आहे, आणि ती पिल्लांना वेळेवर टोचून घेतल्यास चिंता राहत नाही. दुसरा रोग २०२० मध्ये प्रथम आसाम आणि अरुणाचल प्रदेशात भारतात शिरला आणि जुलै २०२२ मध्ये केरळातील वायनाड जिल्ह्यापर्यंत, म्हणजे याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, पोहोचला. तो माणसाला होत नाही. परंतु डुकरांचे कळपच्या कळप त्याने नष्ट होतात. तो मांसातून, उष्ट्यातून, बुटांच्या तळव्यांतून आणि गाडीच्या चाकांतून फिरतो. खानावळीचे उष्टे घालावयाचेच असेल, तर ते सतत ढवळत ९० अंश सेल्सिअसवर निदान एक तास शिजवावे. नुसती एक उकळी पुरत नाही. डुकराच्या मांसाचे तुकडे तर त्यात असूच नयेत.

माश्यांचा उपद्रवही याच दिवसांत वाढतो. खच्ची केल्याची जखम, पिल्लाची नाळ, भांडणात फाटलेला कान यांवर माशी बसली, की दोन दिवसांत किडे पडतात. पिल्ले लहान असताना आणि थंडीच्या दिवसांतच खच्ची करून घ्यावीत, आणि कोणतीही जखम रोज पाहावी. कानाच्या आत खपल्या धरून जनावर भिंतीला अंग घासत असेल तर ती खरूज होय. पशुवैद्याकडून त्यावर औषध मिळते.

यापुढची गोष्ट औषधाची नसून माणुसकीची आहे. घरातील एक डुकर मेले आणि दुसरे खाईनासे झाले, की उरलेली जनावरे मिळेल त्या भावाने विकून टाकावीत, असा विचार मनात येतो. गरिबाच्या मनात तो येणे स्वाभाविक आहे. पण ती जनावरे दुसऱ्या गावातील अशाच एका गरीब कुटुंबाच्या गोठ्यात जातात आणि तेथील शिल्लकही बुडवितात. मेलेले जनावर ओढ्यात टाकले तर तीच आपत्ती पाण्याबरोबर किंवा कुत्र्यांबरोबर हिंडते. जनावरांच्या सांसर्गिक रोगांसंबंधीच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा रोगाची सूचना देणे मालकाचे कर्तव्य आहे. मेलेले जनावर विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे. ज्याने कळविले त्याच्यामुळे अर्धा गाव वाचू शकतो.

मे महिन्याच्या अखेरीस वळवाची एखादी सर येते आणि उन्हाळा संपला असे वाटून झाप काढले जातात, दुपारचे पाणी बंद होते. प्रत्यक्षात त्या सरीनंतरचे, वारा पडलेले चार-आठ दिवस डुकराला सर्वांत जड जातात. जमिनीतून वाफ निघत असते आणि हवा हलत नसते. मृगाचा पाऊस नीट लागेपर्यंत दुपारी बारा ते चार या वेळात घरातील कोणीतरी दोनदा गोठ्यात डोकावावे, डोणीत हात घालून पाणी गार आहे की नाही पाहावे आणि एका जनावराचे श्वास मोजावेत. तेवढ्याने उन्हाळ्यातील निम्मी हानी टळेल.